थुमामचं कुरण

दोन हिवाळे कोरडे गेले. ढग यायचे आणि हजरच्या डोंगरावरच रिकामे होऊन जायचे. अल मदामच्या पुढं, डोंगर आणि वाळूच्या टेकड्या यांच्या मधल्या त्या सपाट माळावर उंटांना ओरबाडायला काही म्हणून उरलं नाही. झुडपांचे बुडखे तेवढे राहिले होते. उंट तेही खालच्या दातांनी खरवडत. विकतचा चारा आधी रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग येईल तेव्हा. म्हातारे अरबाब, म्हणजे उंटांचे मालक, शारजात अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या मुलांना उंटांत रस नव्हता. मुलगी सफा तेवढी शनिवारी गाडी घेऊन यायची आणि जमेल तसं बघायची.

या माळातच, उंटांच्या गोठ्यामागं, एका मोठ्या तुकड्याला तारेचं कुंपण होतं. अरबाब हिंडते-फिरते होते तेव्हा त्यांनीच ते घातलं. खांब रोवून झाल्यावर त्यांनी गुणवंतला गेटपाशी उभं केलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि बोट नाचवून सांगितलं, "अंदर कोई जानवर नहीं. मेरा भी नहीं. समझा?"

गुणवंत समजला. तेव्हापासून रोज सकाळी ऊन तापायच्या आत तो कुंपणाला फेरी मारायचा. सैल तार पक्कडीनं पिळायचा, वाऱ्यानं वाळूखाली गाडलेली जाळी फावड्यानं मोकळी करायचा. त्याच्या तळहातांना तारेचे इतके ओरखडे की गरम चहाचा कप तो बोटांच्या टोकांनी धरायचा.

कुंदा, त्याची बायको, अरबाबांच्या शेतघराची झाडलोट आणि तिथल्या माणसांचा स्वयंपाक बघायची. नवरा-बायकोला एका जागी राहू देणारी नोकरी या मुलखात नशिबानंच लागते, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पोरगी समिधा दहिवडीला आजीपाशी राहून शिकत होती.

कुंदाला त्या कुंपणाचं कधी कौतुक वाटलं नाही. ती माणदेशातली. तिचा बाप गावच्या कुरणाचा राखणदार. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवतं ती अनवाणी पायांनीच ओळखत मोठी झाली होती. या कुंपणात काय होतं? करड्या काड्यांचे झुबके, एकमेकांपासून लांब लांब बसलेले, आणि मधे उघडी वाळू. काडी मोडली तर कट्‌कन मोडायची, आत ना रस ना रंग.

"मेलेल्या खराट्यांची राखण करताय तुमी," ती नवऱ्याला म्हणायची. "असं असतंय व्हय गवत?"

"मालकानं सांगितलंय ते करायचं. गवत हाय का खराटा हाय, आपल्याला काय?"

सफाला एकदा कुंदानं हेच विचारलं होतं. सफा मोडक्या हिंदीत हसून म्हणाली होती, "नहीं कुंदा, ये मरा नहीं. नायम. सोता है. बाबा बोलता, थुमाम बहुत सोता है." थुमाम हे त्या गवताचं नाव. कुंदानं मान हलवली आणि मनात म्हटलं, श्रीमंताचे छंद.

हमदुल्लाला मात्र हा छंद बघवेना. तो उंटांचा राखणदार, पेशावरकडचा पठाण, दाढी पांढरी होत आलेला. रोज संध्याकाळी तो कुंदाच्या दारात यायचा, चपात्या आणि चहा घ्यायचा, आणि उकिडवा बसून उंटांच्या तक्रारी सांगायचा. या वर्षी तक्रारी वाढल्या. एका संध्याकाळी तो चहाला न थांबता थेट गुणवंतपुढं उभा राहिला.

"गुणवंत भाई, गेट खोल दो. थोडा टाइम. हमारा जानवर भूखा है."

"ऑर्डर नहीं है."

"ऑर्डर देनेवाला आदमी तो बिस्तर पे है. उसको क्या मालूम?"

"उसको नहीं मालूम, मेरे को मालूम है."

"जो अंदर है वो भी सूखा है. सूखा खाएगा तो किसका क्या जाएगा?"

"हमदुल्ला, तू भी नौकर, मैं भी नौकर. मेरी नौकरी मत खा."

हमदुल्ला एक पाऊल मागं सरला. मग बाजूला थुंकला, वाळूतच, पण त्या थुंकण्याचा रोख कुणाकडं होता हे तिघांनाही कळलं. त्या दिवसापासून तो चपात्यांना येईनासा झाला. कुंदा रोज त्याच्या वाट्याच्या चपात्या करायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा कुस्करा कोंबड्यांना घालायची.

मार्च सरता सरता गुणवंतची दाढ सुजली. गाल एवढा फुगला की डोळा मिटला. तो दुबईत अल कुसैसला चुलतभावाकडं गेला, तिथल्या डॉक्टरकडं दाढ काढायला. जाताना किल्ली कुंदाच्या हातात दिली. "मी यीस्तवर कुणाला दिऊ नको."

त्याच दुपारी हमदुल्ला आला. एकटा नव्हता, मागं समहा होती, कळपातली पांढरी उंटीण, आणि तिच्या पोटाशी लागलेलं पिल्लू. समहाचं वशिंड पिशवी रिकामी झाल्यासारखं एका अंगाला कललं होतं. पिल्लू तिच्या सडाला ढुशा मारत होतं. ढुशी मारायचं, थोडं चोखायचं, सोडायचं, पुन्हा ढुशी.

"भाभी," हमदुल्ला म्हणाला. खूप दिवसांनी त्यानं हाक मारली होती. "सब को नहीं. खाली इसको. दूध सूख गया. एक शाम अंदर जाने दो, हम रस्सी पकड़ के खड़ा रहेगा."

किल्ली कुंदाच्या कमरेला होती. तिचा हात तिथं गेलाही. पण दाढ धरून बसलेला नवरा डोळ्यांपुढं आला, दोघांची मिळून असलेली खोली आली, समिधाची फी आली.

"भाई, वो नहीं हैं. आने दो उनको. मैं बोलूँगी."

"आने दो," हमदुल्ला हळूच म्हणाला. त्यानं दोर ओढला. कुंदा आत गेली, घागरीतलं पाणी पातेल्यात ओतून बाहेर आली, पण तोवर ते तिघं लांब गेले होते, रस्त्याच्या बाजूला. तिकडं सुट्टीला शहरातली माणसं तंबू ठोकून राहत, मांस भाजत आणि सोमवारी वारा त्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या झुडपांना अडकवून ठेवी.

गुणवंत दाढ काढून परत आला. कुंदानं त्याला सांगितलं, की बोलायचंय. तो रक्ताची लाळ पुसत "बघू" म्हणाला. ते बघणं राहून गेलं.

समहानं रवंथ करणं सोडलं. मग पाणी सोडलं. डावी कूस ढोलासारखी तटतटून वर आली. हमदुल्लानं तिच्या तोंडात तेल ओतलं, पोट चोळलं, तिला उठवून चालवलं. ती चार पावलं चालायची आणि पुढचे गुडघे मोडून बसायची. सफानं धाडलेला जनावरांचा डॉक्टर आला. कुशीवर कान लावून त्यानं बराच वेळ ऐकलं आणि हात झटकले. सकाळच्या उन्हात समहानं मान लांब वाळूवर टाकली. पिल्लू तोवर चोखतच होतं. त्याला दोघांनी धरून ओढलं तेव्हा कुठं सुटलं.

डॉक्टरनं पोट उघडलं. कुंदानं पदर नाकाला लावला पण ती तिथून हलली नाही. आतून एक गोळा निघाला, करडा, कलिंगडाएवढा, दगडासारखा टणक. डॉक्टरनं सुरी फिरवली तशा त्याच्या घड्या सुटत गेल्या: पिशव्या, दोरीचे तुकडे, खुर्चीच्या पट्ट्या, चिप्सच्या पाकिटाचा चकाकता कागद. त्यात एक गवताची काडी नव्हती.

"एका दिवसात झालेलं नाही हे," डॉक्टरनं हिंदीतून सांगितलं. "वर्षानुवर्षं साठलेलं असतं. शेवटचं काहीतरी निमित्त होतं."

कुंदाच्या कानात 'शेवटचं' एवढाच शब्द राहिला.

हमदुल्ला रडला नाही. हात धुवून तो गुणवंतपुढं आला. या वेळी त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"ज़िंदा थी तो अंदर नहीं जाने दिया. अब मर गई. अब तो कुछ नहीं खाएगी. अब अंदर जाने दो. वहीं दफ़न करेगा हम."

गुणवंतच्या गालाची सूज अजून उतरली नव्हती. "मॅडमला इचारतो," तो मराठीतच म्हणाला आणि मोबाइल काढला. सफाचा फोन लागेना. तो पुन्हा लावायला लागला. उन्हात समहावर माशा बसायला लागल्या होत्या.

कुंदानं कमरेची किल्ली काढली. दाढेच्या गडबडीत ती तिच्याकडंच राहिली होती. ती गेटपाशी गेली आणि कुलूप उघडलं. वाळू गेलेलं कुलूप करकरलं.

"अगं, काय करतीस?" गुणवंत मागून धावत आला. "नोकरी घालवतीस व्हय?"

"गेली तर जाऊ द्या. सांगा, बायकोनं उघडलं म्हणून."

"तसं कसं सांगू?"

"मग मी उघडलं म्हणून मीच सांगते." तिनं गेट ढकललं. खालची वाळू आडवी आली. क्षणभर ती एकटीच रेटत राहिली. मग गुणवंतनं खांदा लावला.

जहूर जेसीबी घेऊन आला. तो शेजारच्या शेतावरचा चालक, लाहोरकडचा. साखळीनं ओढून तिला आत आणलं. गुणवंत पुढं चालून दाखवत होता, इथनं नको, झुबका मोडंल, तिथनं ये. उंटिणीच्या अंत्ययात्रेत तो काड्यांचे झुबके वाचवत होता, आणि त्याला हसावं की त्याच्यावर चिडावं हे कुंदाला कळेना. मोकळी जागा बघून जहूरनं बकेट रोवली.

वाळू सहज निघाली. मग जमीन घट्ट झाली, तांबूस. खड्डा माणसाच्या कमरेएवढा झाला, मग छातीएवढा, मग डोक्याच्या वर. उंटाला खोल लागतं, नाहीतर कोल्हे उकरतात. शेवटच्या घासाला बकेट जरा बाजूला सरकली आणि कडेचा एक थुमामचा झुबका अर्धा चिरून त्याची अर्धी माती खाली पडली.

"ओ जहूरभाई!" गुणवंत ओरडला. जहूरनं इंजिन बंद केलं.

तळ सारखा करायला हमदुल्ला फावडं घेऊन उतरला. खूप वेळ फावड्याचा आवाज आला नाही. कुंदा कडेला गेली. तो तळाशी उभा होता आणि खड्ड्याच्या भिंतीकडं बघत होता.

"भाभी," तो म्हणाला. "नीचे आओ."

जहूरनं उताराची बाजू ठेवली होती. कुंदा साडी वर खोचून बसत बसत घसरत उतरली. वर ऊन भाजत होतं. खाली पाय टेकले तसा तळव्यांना गारवा लागला. चप्पल कुठं निसटली म्हणून तिनं खाली पाहिलं, आणि मग समोर पाहिलं.

चिरलेला थुमाम भिंतीच्या वरच्या काठावर तसाच उभा होता, वीतभर करड्या काड्या. आणि त्याच्या खाली मुळं होती. आधी तिला ती मुळं वाटलीच नाहीत, वरून कुणी दोर सोडलेत असं वाटलं. करंगळीएवढी जाड, शेकड्यांनी, झुबक्यातून निघून भिंतीभर पसरलेली. काही आडवी गेली होती, एवढी लांब की त्यांची तुटलेली टोकं खड्ड्याच्या पलीकडच्या भिंतीतूनही बाहेर आली होती. बाकीची सरळ खाली. तिच्या कपाळाशी होती, छातीशी होती, गुडघ्याशी होती. वाकून पाहिलं तर पायाखालच्या तळातही ती गेलेलीच होती.

तिनं एक मूळ चिमटीत धरलं. ते वाळूचंच होतं. वाळूचे कण एकमेकांना चिकटून नळी झाली होती आणि आत, लोकरीच्या धाग्याएवढं पांढरं मूळ होतं. तिनं बोटानं घासलं, वाळू पडली नाही. झटकलं, तरी पडली नाही. प्रत्येक मुळानं असा वाळूचा मोजा चढवला होता. थंडीत आपण पोराला घालतो तसा. हे कुणी चढवलं? मुळानं स्वतःच काहीतरी पाझरून कण कण धरून ठेवला होता, ऊन लागू नये, ओल सुटू नये म्हणून.

"दबा के देखो," हमदुल्ला म्हणाला आणि भिंतीवर तळहात ठेवला.

तिनं ठेवला. वरची वाळू कोरडी, पिवळी, भुरभुरीत. हात खाली सरकवत नेला. तांबूस माती लागली, घट्ट, तिच्यात चुनखडीच्या पांढऱ्या रेघा. त्याच्या खाली हात थबकला. ओल. दोन हिवाळे या माळावर पाऊस नव्हता, वर उंटीण पिशव्या खाऊन मेली होती, आणि इथं जमिनीच्या पोटात माती अशी होती की मुठीत दाबली तर तिचा मुटका व्हावा. कुंदानं दाबली. मुटका झाला. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले.

ओलीच्या खाली खडीसाखरेसारखे खडे चमकत होते, आणि तळाशी गोल गोटे. नदीतले असतात तसे, घासून घासून गुळगुळीत.

"इथं नदी व्हती," तिच्या तोंडून निघालं.

गुणवंत केव्हा उतरला कळलंही नाही. तो तिच्या शेजारी उभा होता, सुजलेल्या गालाचा. इतकी वर्षं रोज सकाळी या जमिनीच्या कडेनं तो फिरला होता. त्यानं हात पुढं केला, मुळाला लावला, मागं घेतला. पुन्हा लावला.

"मेलेलं न्हाई हे," तो म्हणाला.

"न्हाई," कुंदा म्हणाली.

वर जहूर कडेला उकिडवा बसून बघत होता. "सुबहानल्लाह," तो म्हणाला. भिंतीतून एक काळा किडा बाहेर आला, ऊन लागल्यासारखा थबकला आणि मुळाच्या कडेनं परत आत गेला. तिथं त्याचं बीळ होतं. कुंदा नीट बघायला लागली तशी तिला अशी बिळं जागोजागी दिसली. तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घराची भिंत पाडून आत उभे आहोत.

सफा आली तेव्हा समहा अजून वरच होती. उघडं गेट बघून तिनं गाडी तिथंच थांबवली आणि चालत आली. तिचा चेहरा कडक होता. कुंदा पुढं झाली.

"मॅडम, गेट मैंने खोला. ये नहीं थे. हमदुल्ला नहीं था. मैंने."

सफा तिच्याकडं न बघता खड्ड्याच्या कडेला गेली. मग तिनं काळा पायघोळ अबाया गुडघ्यापर्यंत उचलला, बूट काढले आणि उतरली. चौघं वर उभे राहिले. ती भिंतीला गाल लावल्यासारखी जवळ उभी होती. बऱ्याच वेळानं वर आली तेव्हा कपाळाला माती होती आणि डोळे ओले.

"बाबा बोलता था," ती म्हणाली, "ऊपर देखो मत, थुमाम ऊपर नहीं रहता." तिनं कपाळावरची माती पुसली. "मैं समझा, बूढ़ा आदमी का बात है. मैंने भी कभी अंदर नहीं देखा."

कुंदाला आठवलं, तिनंही तसंच म्हटलं होतं मनात.

समहाला त्यांनी सगळ्यांनी मिळून उतरवलं. चिरलेला झुबका पडू नये म्हणून गुणवंतनं त्याच्या बाजूची माती हातांनीच लोटली, थोडी थोडी, थापत. हमदुल्लानं शेवटचं फावडं मारलं आणि तो खाली बसला. तेव्हा कुठं त्याचा ऊर भरून आला. पिल्लू कुंपणाबाहेर बांधलेलं होतं. ते ओरडत होतं, मोठ्या जनावरासारखं नाही, बारीक, घोगऱ्या आवाजात.

"ये भी मरेगा," हमदुल्ला म्हणाला. "बाटली नहीं पीता. सूखा चारा सूँघ के छोड़ देता है."

कुंदा झुबक्यांकडं बघत होती. तिच्या बापाचं कुरण तिला दिसत होतं. दसऱ्यापर्यंत तिथं शेळीसुद्धा शिरू द्यायचे नाहीत. दसऱ्यानंतर माणसं विळे घेऊन शिरत, मुठीत धरून कापत, भारे बांधून घरी नेत. जनावर मात्र तेव्हाही बाहेरच. कारण जनावर तुडवतं, उपटतं. विळा बुडखा ठेवतो.

"मॅडम," ती म्हणाली, "जानवर अंदर नहीं. पण आपण आत जाऊ. विळ्यानं. थोडं थोडं, एक सोडून एक. बुडखा ठेवून."

गुणवंतनं ते हिंदीत सांगितलं. सफा विचारात पडली. "और मर गया तो?"

"मालूम नहीं," कुंदानं खरं ते सांगितलं. "हमारे गाँव का घास अलग है. ये मेरे को नहीं मालूम."

"मेरे को भी नहीं मालूम," सफा म्हणाली. ती बापाला फोन लावू शकत नव्हती. तो आता माणसं ओळखत नव्हता. तिनं पिल्लाकडं पाहिलं, समहाच्या ताज्या मातीकडं पाहिलं. "एक कोना," ती शेवटी म्हणाली. "इधर वाला. बाकी नहीं. इन्शाल्ला."

दुसऱ्या सकाळी तिघं आत गेले. घास कापायचे विळे शेतघरात होतेच, गुणवंतनं त्यांना धार लावली. काडी चिवट निघाली. मुठीत धरून विळा ओढला की ती आधी वाकायची, मग तुटायची, आणि कापलेलं टोक बोटांत शिरायचं. कुंदाच्या तळहातांना गावी असतानाचे घट्टे आता उरले नव्हते. पहिल्याच दिवशी फोड आले आणि फुटले. ती फडकं बांधून कापत राहिली. हमदुल्लाला विळा धरता येत नव्हता, उंटवाल्याला कशाला येईल? तो भारे बांधायचा आणि वाहायचा.

वाकून काम करताना कुंदाला तो माळ पहिल्यांदा दिसला. सगळीकडं सारखा नव्हताच तो. जिथं वाळू जाड तिथं थुमाम. जरा पुढं वाळू पातळ होऊन खडे वर आले की थुमाम संपायचा आणि बारीक पानांची ठेंगणी झुडपं सुरू व्हायची. सखल जागी, जिथं मातीवर मिठाची पांढरी पापडी होती, तिथं एक रसदार, गाठीगाठीचं झुडूप एकटंच नांदत होतं. आणि प्रत्येक झुबक्यानं वारा अडवून आपल्याभोवती वाळूचा उंचवटा केला होता, त्या उंचवट्यावर सरड्यांची पावलं. गावात कुणी मळ्यात राहावं, कुणी ओढ्याकाठी, कुणी माळावर, तशा या वस्त्या होत्या. कुंपणाबाहेरही तीच जमीन होती. तिथं मात्र टायरांच्या खुणा, उंटांच्या पावलांनी बडवलेली टणक पाटी, आणि वारा तिच्यावरून कुठंच न थांबता जात होता.

पिल्लानं पहिल्या दिवशी थुमाम हुंगला आणि तोंड फिरवलं. कुंदानं काड्या पाट्यावर ठेचून पाण्यात भिजवल्या. हमदुल्लानं त्या स्वतःच्या तोंडात घेऊन चावल्या आणि मऊ चोथा पिल्लाच्या ओठांना लावला. ओठ हलले. जीभ बाहेर आली. मग ते त्याच्या बोटांसकट चघळायला लागलं. "अरे, अरे," हमदुल्ला म्हणाला आणि हात तसाच धरून राहिला. संध्याकाळी त्यानं बाटलीही घेतली. त्या संध्याकाळी हमदुल्ला कुंदाच्या दारात येऊन उकिडवा बसला, न विचारता. तिनं चपात्या पुढं केल्या. गुणवंतनं चहा ओतला.

कापलेल्या कोपऱ्याकडं मात्र कुंदाला बघवेना. तिथं बुडखे उरले होते, खरूज झालेलं डोकं भादरल्यासारखे. दिवस जात होते, उन्हं चढत होती, वारा रोज त्यांच्यावर वाळू टाकत होता. आपण मारलं, तिला वाटायचं. उंटिणीला किल्ली न देऊन मारलं आणि याला विळ्यानं. गुणवंत फेरीवरून आला की ती विचारायची नाही, आणि तोही सांगायचा नाही.

मेच्या सुरुवातीला एका पहाटे दाट धुकं पडलं. असं धुकं या मुलखात एरवीही पडतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर कुंदानं ते पाहिलं नव्हतं. कुंपण दिसेना. गुणवंत फेरीला गेला तो लगेच परत आला. त्यानं हाक मारली नाही, नुसता दारात उभा राहिला.

"काय झालं?"

"चल."

ती गेली. धुक्यात उभ्या काड्यांवर पाण्याचे थेंब बसले होते. एक थेंब दुसऱ्याला मिळायचा, काडीवरून घरंगळायचा आणि बुडाशी जिरायचा. सगळ्या माळावर कसलाही आवाज न होता हे चाललं होतं. गुणवंत कापलेल्या कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला. कुंदा बसली.

बुडख्याच्या मधून कोंब आले होते. हिरवे. नुसते हिरवे नाही, असा कोवळा रंग की धुक्यातही डोळ्यांना लागावा. पुढच्या बुडख्याला होते. त्याच्या पुढच्यालाही. ती गुडघ्यांवरच सरकत गेली, एकीकडून दुसरीकडं, साडी भिजत होती. एवढ्याशा धुक्याचं हे काम नव्हतं. खाली, तिच्या गुडघ्यांच्या कितीतरी खाली, वाळूचे मोजे घातलेल्या त्या मुळांनी ओल धरून ठेवली होती आणि आता ती वर धाडली होती. तिनं दोन्ही तळहात वाळूवर टेकवले. खालचं सगळं आपल्याला धरून आहे असं तिला वाटलं.

"आवं," ती म्हणाली.

"व्हय," गुणवंत म्हणाला.

धुक्यातून घंटा वाजली. उंट कुंपणाशी आले होते. ओल्या हिरव्याचा वास त्यांना लागला असावा. एकामागून एक लांब माना जाळीवरून आत आल्या, ओठ हलायला लागले. मागून हमदुल्ला धावत आला. त्यानं जाळीतून आत पाहिलं. कोंब त्याला दिसले. तो एका जागी खिळून उभा राहिला, कळपातलं एक जनावर त्याच्या खांद्यावरून मान पुढं घालत होतं आणि तरी त्याचं लक्ष नव्हतं.

मग तो वळला. कुंपणाकडं पाठ करून त्यानं दोन्ही हात पसरले आणि उंटांना मागं लोटायला सुरुवात केली. "हो! हो! यल्ला!" ते हलेनात. त्यानं समोरच्याच्या मानेवर चापट मारली, मग त्याच मानेवर कपाळ टेकलं आणि हळू आवाजात त्याला काहीतरी समजावलं, त्याच्या पश्तोमध्ये. उंट वळला. बाकीचे त्याच्या मागं वळले.

धुक्यात तो दिसेनासा झाला. त्याची हाक तेवढी बराच वेळ येत राहिली, लांब लांब जाणारी.